झाकण काढलंय का?

हा प्रश्न मला रविवारी सकाळी सहा वेळा विचारला गेला, त्यातला पाच वेळा एकाच माणसाने.

भाचीची १०० मीटरची शर्यत, पोरं धावत येणार त्याच बाजूला समोर सूर्य, आणि माझ्या व्हिडिओ कॅमेऱ्याचं लेन्स हूड, म्हणजे भिंगापुढे ऊन अडवायला लावतात ते उघडं नळकांडं, कधीच हरवलेलं. तिरपं ऊन काचेवर पडलं की आतल्या भिंगांमध्ये इकडून तिकडे आपटत बसतं आणि अख्ख्या चित्रावर धुक्याचा पडदा येतो, रंगबिंग सगळे फिके. म्हणून मी दोन रात्री बसून बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं हूड केलं. गोल नाही, चौकोनी, कारण चित्र आडवं, १६:९ चं असतं आणि गोल हूड वरखालून फुकटचं ऊन आत घेतं. आत काळा कार्डपेपर लावला तर तो तिरप्या उजेडात चक्क चकाकतो, मग मखमल हवं. ताईचा एक जुना काळा मखमली ड्रेस होता, ती तो आता घालत नाही असं मी धरून चाललो.

तर मैदानावर काका आले. रिटायर्ड. कशातून ते सांगितलं नाही पण तपासणी खात्यातून असणार.

"झाकण काढलंय का?"

"काका, हे झाकण नाही, हूड आहे."

"बरं. मग झाकण?"

"काढलंय."

"दिसत नाहीये."

आत खोलवर आहे म्हटल्यावर काका समोर येऊन वाकले आणि आत बघायला लागले, म्हणजे माझ्याकडे अर्धा मिनिट फक्त त्यांच्या डोळ्याचं शूटिंग आहे. मग बाजूला आले, हूडच्या कडेला वीत लावली, मान हलवली आणि म्हणाले, "लांब झालंय. कोपरे काळे येणार."

आता मला सांगा, दोन रात्री माझ्या गेल्या, झूम पूर्ण मागे घेऊन, म्हणजे सगळ्यात रुंद चित्र ठेवून, स्क्रीनवर बघत बघत, हूडची कड चित्रात दिसेनाशी होईपर्यंत मी ते एकेक मिलिमीटर कापत आणलेलं, बोट कापलं ते वेगळंच, आणि हा माणूस वीत लावून निकाल देतो? आपल्याकडे कोणी हाताने काही केलं की लोक आधी त्यातली चूक शोधतात, ते कशासाठी केलंय हे नंतर, तेही विचारलंच तर.

"नाही येत काका, ही बघा स्क्रीन, आहेत का कुठे काळे?"

"ही स्क्रीन सगळं दाखवते का?"

"दाखवतेच ना!"

तो "दाखवतेच ना" आता कायमचा रेकॉर्ड झालाय, कारण कॅमेऱ्याचा माइक हूडच्या बरोब्बर खाली आणि आम्ही दोघं माइकपासून हातभर अंतरावर. कॅमेऱ्याची ती चिमुकली स्क्रीन कडेचं थोडं चित्र कापून दाखवते हे मला रात्री टीव्हीवर कळलं. चारही कोपरे काळे, जुन्या अल्बममध्ये फोटो अडकवायचे असायचे ना, तस्से. मधलं चित्र मात्र काय स्वच्छ आलंय! धुकं नावाला नाही, समोर सूर्य असून. पण ते कोणी बोलेल तर शपथ. एडिटिंगमध्ये थोडं मोठं करून कोपरे काढता येतात, फक्त भाची नेमकी अगदी कडेच्या लेनमध्ये होती, त्यामुळे कोपऱ्यांबरोबर तीही अर्धी जाते.

आणि ती कितवी आली हे व्हिडिओत कळतच नाही. कारण पोरं फिनिश लाइनवर पोचताना काकांनी, हूड नीट बसलंय ना ते बघायला, त्याला हात लावला. चिकटपट्टी सुटली आणि आतलं अस्तर हळूहळू खाली उतरून सगळी फ्रेम काळी झाली.

ताईने तिथे पॉज केलं. जरा पुढे झुकली.

"हे माझ्या ड्रेसचं आहे का रे?"