गेस्टहाऊसच्या नफ्यातून बायकांचं शिक्षण? नफा उरला तर!

‘आमचा नफा स्थानिक महिलांच्या शिक्षणासाठी’ अशी पाटी वाचली की मला पहिला प्रश्न पडतो: नफा उरलाच नाही तर? छोट्या गेस्टहाऊसमध्ये बऱ्याचदा तो उरत नाहीच. बुकिंग साइटचं कमिशनच 15 टक्क्यांच्या आसपास जातं. वर गाद्या, गळती, पाण्याचा पंप. सगळ्यांचं देऊन झाल्यावर शिक्षणाचा नंबर लागतो.

म्हणून वाटा आधी काढावा. भाडं हातात पडलं की त्याच आठवड्यात दहा टक्के वेगळ्या खात्यात. खर्चही पैशांत न मोजता खोलीच्या रात्रींत मोजा, डोळे उघडतात. 8 खोल्या म्हणजे वर्षाला 2,920 रात्री. वाईट वर्षी पाव भरल्या तर 730, त्यांचे दहा टक्के म्हणजे 73 रात्रींचं भाडं. एका मुलीचा वर्षाचा खर्च 20 रात्रींइतका धरला, तर झेपतात तीन मुली. चांगल्या वर्षी 45 टक्के भरलं की 131 रात्रींचं भाडं जमतं आणि लगेच सहा मुली घ्यायचा मोह होतो. इथेच घोळ होतो. शिक्षण तीन-चार वर्षांचं, सीझन एका वर्षाचा. पुढचं वर्ष पडलं की निम्म्या मुलींना मधेच घरी बसवायची वेळ येते, आणि ते मुळात न घेण्यापेक्षा वाईट. मुली तीनच घ्या, उरलेला पैसा गंगाजळीत टाका. सगळ्यांचा शेवटच्या वर्षापर्यंतचा खर्च खात्यात जमला, की चौथी.

त्या 20 रात्रींत नुसती फी धरू नका. मुली गळतात त्या अनेकदा प्रवासखर्चामुळे, परीक्षा शुल्कामुळे. मोठ्या बायका गळतात मूल सांभाळायला कोणी नसल्यामुळे.

आता रोजगार. इथे माझं मत जरा कडक आहे: खोली झाडणाऱ्या बाईला ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून मानधनावर ठेवणं ही लबाडी आहे. काम आहे तर पगार द्या, तोही शिक्षणाच्या खात्यातून नाही. वर्ग कामाच्या वेळातच बसवा. चेक-आऊट 11 ला, खोल्या 2 पर्यंत तयार, मग 3 ते 5 वर्ग. संध्याकाळी ठेवलात तर महिनाभरात पट निम्मा होईल, कारण तेव्हा घरचं काम वाट बघत असतं.

लॉबीत पिशव्या-पाकिटांचं कपाट मांडून रोजगार उभा राहत नाही. पाहुणा एक पिशवी घेतो, कपाटात चाळीस पडून राहतात. त्यापेक्षा धुलाई शिकवा. प्रत्येक बेडला चादरींचे तीन सेट लागतात: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. 16 बेड असतील तर 48 सेट. काटकसर म्हणून दोनच घेतले की पावसाळी हवेत चादर अर्धवट ओली घडी होते आणि कुबट वास पाहुण्याच्या नाकाला लागतो. मशीन गच्च भरलं की साबण नीट निघत नाही, टॉवेल कडक होतात. मग कोणीतरी सॉफ्टनर ओततं. टॉवेल मऊ लागतो, पण धाग्यांवर थर बसल्यामुळे पाणी टिपत नाही. टॉवेलला सॉफ्टनर नकोच! डाग लगेच थंड पाण्यात. रक्ताचा डाग गरम पाण्यात टाकलात तर कायमचा बसतो. हे ज्यांच्या हातात बसलं, त्या आसपासच्या चार लॉजची धुलाई घेऊ शकतात. गेस्टहाऊस उद्या बंद पडलं तरी त्यांचं काम चालू राहतं. बुकिंगची वही आणि रोजचा गल्लाही दुसऱ्या वर्षापासून त्यांच्याकडे द्या. नाहीतर दहा वर्षांनीही बायका फक्त खोल्याच आवरत असतात.

आणि ते भिंतीवरचे मुलींचे हसरे फोटो काढा, कृपा करून. एक रात्र राहिलेल्या पाहुण्याला त्यांची नावं आणि घरची परिस्थिती कळायचं काय कारण? तिथे महिन्याचा कागद लावा: किती रात्री भरल्या, किती वाटा निघाला, कशावर खर्च झाला, गंगाजळीत किती आहे.