तपकिरी दिसलं की लगेच 'पाणी बदल'!

खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमध्ये वाळूवर जरा तपकिरी थर दिसला की जो तो एकच सांगतो, नायट्रेट-फॉस्फेट (शेवाळाचं खाद्य) कमी कर, पाणी बदल. अरे पण आधी बघा तरी काय आहे ते! टँक नवीन असेल तर बहुतेक डायटम (सिलिकेट लागणारं सूक्ष्म शेवाळ), पाण्यातलं सिलिकेट संपलं की आपोआप जातात, पण शेंबडासारखं चिकट, आत बुडबुडे अडकलेलं, रात्री विरळ होऊन लाइट लागले की परत हजर असं काही असेल तर ते डायनो (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय सूक्ष्मजीव) असू शकतात, आणि ते बऱ्याचदा नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेल्यामुळेच माजतात, मग अजून कमी करून काय कपाळ करणार? लालसर, पापुद्र्यासारखा सुटणारा थर म्हणजे सायनो (सायनोबॅक्टेरिया), ते तर शेवाळही नाही, बॅक्टेरिया आहेत. साध्या मायक्रोस्कोपखाली थेंबभर घाण ठेवली की कळतं हो! यूव्हीचंही (फिरत्या पाण्यातले सूक्ष्मजीव मारणारा दिवा) तेच, आधी डायनोची जात बघा: ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात येतो म्हणून त्याला यूव्ही लागू पडतो, अँफिडिनियम ही दुसरी जात वाळू सोडतच नाही, तिथे बसा यूव्ही लावून. आणि दगड हिरव्या केसांनी झाकलेत तरी 'टेस्टमध्ये फॉस्फेट शून्य आहे' म्हणणारे वेगळेच, अहो ते शेवाळच गिळून बसलंय ना सगळं!