पीपीपीचा कायदा नाही, म्हणून टोल बेकायदा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. बीओटी (कंपनीने बांधायचे, टोल घेऊन चालवायचे आणि मुदतीनंतर सरकारला परत द्यायचे) रस्त्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की देशात पीपीपीचा, म्हणजे सरकार आणि खासगी कंपनीच्या भागीदारीचा, केंद्रीय कायदाच नाही, तेव्हा हे सगळे करार मुळातच बेकायदा, आणि मी कंत्राटदारांची वकिली करतोय. वकिलीची फी अजून कुणी दिलेली नाही, ते असो.

केंद्रीय कायदा नाही हे खरंच आहे. गुजरातने १९९९ मध्ये, आंध्रने २००१ मध्ये, पंजाबने २००२ मध्ये आपापले कायदे केले. संसदेने केला नाही. पण करार करायला सरकारला दर वेळी वेगळा कायदा लागत नाही. तो अधिकार राज्यघटनेच्या कलम २९८ मध्येच आहे. पंजाब सरकारने कायदा न करता पाठ्यपुस्तकांचा धंदा हाती घेतला म्हणून प्रकाशक सुप्रीम कोर्टात गेले होते (रामजवाया कपूर खटला, १९५५). ते हरले.

लोकांच्या खिशात हात घालायचा असेल तर मात्र नुसता करार पुरत नाही. करार सरकार आणि कंपनीत झालेला असतो, गाडीवाल्याने त्यावर सही केलेली नसते. तिथे कलमच दाखवावं लागतं. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा, पण खासगी कंपनीला शुल्क गोळा करून स्वतःकडे ठेवू देणारं कलम ८-ए त्यात आलं १९९५ च्या दुरुस्तीने. आपल्या राज्यरस्त्यांवरचा टोल महाराष्ट्र (पूर्वीचं नाव मुंबई) मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ च्या कलम २० खाली अधिसूचना काढून लावतात.

आता दिल्ली-नोएडा जोडणारा डीएनडी उड्डाणमार्ग घ्या. तिथे १९७६ चा उत्तर प्रदेशचा कायदा होता, नियम होते, १९९७ चा करारही होता. म्हणजे तुमच्या हिशेबाने सगळं कायदेशीर! करारातली मेख अशी : कंपनीला एकूण खर्च आणि त्यावर वर्षाला २० टक्के परतावा मिळेपर्यंत टोल चालू. एखाद्या वर्षी परतावा कमी पडला की तूट खर्चात मिळवायची, आणि पुढच्या वर्षी त्या फुगलेल्या रकमेवर पुन्हा २० टक्के. सुमारे ४०८ कोटींचा पूल, पण फिटणारच नाही असं कर्ज. शिवाय निविदा न काढता कंपनी निवडलेली. अलाहाबाद हायकोर्टाने ऑक्टोबर २०१६ मध्ये टोल बंद केला आणि सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल कायम केला. शुल्क आकारण्याचा अधिकार असा कंपनीकडे सोपवण्याची मुभा नोएडा प्राधिकरणाला नव्हतीच, हे त्यातलं एक मुख्य कारण.

म्हणून 'पीपीपीचा कायदा आहे का' यापेक्षा 'हा नाका कोणत्या कलमाखाली, कोणत्या अधिसूचनेने आणि कधीपर्यंत' हे विचारा. माहितीच्या अधिकारात करारनामा मागताना परताव्याचं सूत्र असलेलं परिशिष्टही मागा. खरी गोम तिथेच असते.

कोल्हापूरच्या टोलचा दाखला तुम्ही दिलात, पण तो तुमच्या बाजूने जात नाही. आंदोलनापुढे नमून सरकारने टोल रद्द केला. करार मात्र उभाच होता, त्यामुळे कंपनीचे पैसे भागवण्याची जबाबदारी सरकारला घ्यावी लागली. तो करार मुळातच बेकायदा असता, तर ही वेळ कशाला आली असती?