घरी मिसिंग, गॅरेजात वाघ

आमची टाटा ४०७, म्हणजे छोटा ट्रक, वयाने माझ्या मेहुण्यापेक्षा थोरली आहे आणि त्याच्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. आप्पांनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा मागच्या फळीवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' असं रंगवलेलं होतं. आशीर्वाद अर्थातच दुसऱ्याच्या आई-वडिलांचा. पण आप्पांनी तो पुसला नाही. म्हणाले, "फुकट मिळतोय तर राहू दे."

२९५६ सीसी, चार सिलिंडर, टर्बो नाही, लाड नाहीत. निफाड तालुक्यातल्या आमच्या मळ्यातून लासलगावला कांदा न्यायचा, हंगामात वाशीला द्राक्षाचे क्रेट न्यायचे, येताना जे मिळेल ते भाडं भरायचं. एवढ्या वर्षांत गाडीने कधी कुरकुर केली नाही. कुरकुर सुरू केली ती मी. मागच्या हंगामात कसारा घाट चढताना, दुसऱ्या गिअरवर दम टाकत चाललो असताना, भंगाराने कडेपर्यंत भरलेला एक टेम्पो आमच्या शेजारून अलगद पुढे गेला. जाता जाता त्याची मागची पाटी दिसली: 'बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं.' पुढच्या वळणापर्यंत मी तेच वाचत होतो, कारण त्यानंतर तोही दमला आणि आम्ही त्याच्या मागे अडकलो. ती पाटी मनाला लागली.

गॅरेजातले मिस्त्री म्हणाले, "टर्बो बसवू. इंजिनात हवा जास्त कोंबतो, ताकद वाढते. कंपनीनेच पुढे याच घराण्यातल्या इंजिनाला टर्बो दिला ना?" दिला, हे खरंच आहे. पण कंपनीने टर्बो देताना बाकीचं इंजिनही त्याच्या बेताने बदललं, आणि आम्ही भंगारातून आणलेला टर्बो जुन्या इंजिनाला जावयासारखा आणून बसवला. वकील मेहुण्याने मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२, गाडीतल्या फेरफारांबद्दल, असं काहीतरी फोनवर वाचून दाखवायला सुरुवात केली होती. तेव्हा नेमकी रेंज गेली. रेंज मी घालवली होती.

दिवाळीच्या आधी काम झालं. टर्बो बसला, पंपाचं डिझेल थोडं वाढवलं, दोन-चार पाईप इकडचे तिकडे झाले. मिस्त्रींनी किरकोळ सामानाची यादी दिली होती. त्यातलं काही मी दुकानातून आणलं, काही घरातून भागवलं. यादी इथे लांबवत नाही.

घरी याच सुमाराला दुसरंच प्रकरण पेटलं होतं. आप्पांच्या पाठीवरच्या फवारणी पंपाची नळी नाहीशी झाली. आप्पा घरच्या प्रत्येक वस्तूला लाल ऑइलपेंटचा पट्टा मारतात: खुरप्याच्या मुठीला, बादलीच्या कडीला, शिडीच्या पायाला. शेजारी मागून नेतात आणि विसरतात, म्हणून. संशय साहजिकच बांधाशेजारच्या चुलतभावावर गेला. आप्पा त्याला बांधावरून मोठ्या आवाजात बोलले, तोही बोलला, आणि बोलणं तिथेच संपलं, म्हणजे कायमचं. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा दोन्हीकडून पोरांच्या हाती गेला. गोड बोलायचं काम पोरांवर सोपवून मोठी माणसं मोकळी झाली.

डिसेंबरात निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा उतरू लागला. बाकीची गावं पेपरात येतात ती मोर्चाने नाहीतर अपघाताने. निफाड येतं ते तापमापकाने. पारा पाच-सहा अंशांवर आला की नाशिकचे फोटोवाले शेकोट्या शोधत येतात. आमच्या शेकोट्या मात्र द्राक्षांसाठी असतात. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत धूर करायचा, पहाटे पाणी सोडायचं. घड उबेत आणि मालक गारठ्यात, ही आमच्याकडची रीत.

असंच पाणी आटोपून एका पहाटे पाचला मी गाडीला सेल मारला. पहिल्याच सेलला लागली. अर्धा मिनिट सुरेख चालली. आणि मग लेझीम पथकात एकच पोरगा चुकत असावा तशी चालायला लागली. ढक्, ढक्, एक ठोका गायब, ढक्‌ढक्, दोन गायब. साऱ्या गाडीला हुडहुडी भरली. आरसे थरथरले. डॅशबोर्डवरचा गणपती मान हलवू लागला, तोही नकारार्थी. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघाले, डोळे चुरचुरले, गोठ्यातली म्हैस शिंकली. दोनदा बंद पडली, दोनदा लावली. दहा-बारा मिनिटं हा तमाशा चालला आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात इंजिन सरळ चालू लागलं. लासलगावला पोहोचेपर्यंत रांग बाजार समितीच्या फाटकाबाहेर आली होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, फक्त म्हैस आधीच तोंड फिरवून उभी होती.

गावात धुराचा रंग वाचणारी माणसं हस्तरेषा वाचणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, एवढ्यावर पारावर एकमत होतं. पांढऱ्यावर दोन तट पडले. एक गट म्हणाला हेड गॅस्केट गेलं, पाणी आत येतंय. दुसरा म्हणाला डिझेल न जळता तसंच बाहेर पडतंय. दुसरा गट बरोबर होता, कारण रेडिएटरमधलं पाणी तसूभर कमी होत नव्हतं आणि धुराला कच्च्या डिझेलचा वास होता. पण पहिल्या गटात माजी सरपंच होते.

मी गाडी घेऊन चौदा किलोमीटरवरच्या गॅरेजात गेलो. आणि इथूनच माझा खरा छळ सुरू झाला. चौदा किलोमीटर चालून इंजिन छान तापलेलं. मिस्त्रींनी सेल मारला, गाडी वाघासारखी लागली.

"काय होतंय?"

"मिसिंग करतेय."

"कुठं?"

"घरी."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. पोराला दवाखान्यात नेल्यावर ताप उतरतो आणि डॉक्टर आईकडे ज्या नजरेने बघतात, तीच नजर. मी तोंडाने आवाज काढून दाखवला. गॅरेजातला पोऱ्या पान्हा टाकून ऐकायला आला. "शेठ, पुन्हा एकदा," म्हणाला. मी पुन्हा काढला. त्याच्यानंतर मी गेलो की तो आधी आवाज काढायचा आणि मग चहा सांगायचा.

मग पुरावा म्हणून व्हिडिओ काढला. अंधारात, धुक्यात, पांढरा धूर. मोबाइलवर दोन मिनिटं नुसता पांढरा पडदा दिसत होता आणि आवाजाच्या जागी मारुतीच्या देवळातला भोंगा. मिस्त्रींनी भक्तिभावाने पूर्ण पाहिला.

उपचार मात्र झाले. डिझेल फिल्टर बदलले. चारही नोझल काढून टेस्टिंगला पाठवली, फवारा अत्तरदाणीसारखा. टायमिंग पाहिलं, बरोबर. टॅपेट सेट केले. बॅटरी बदलली, जिचा या दुखण्याशी तितकाच संबंध होता जितका माझ्या चपलांचा. प्रत्येक उपचारानंतर गाडी गॅरेजात वाघ आणि घरी पहाटे लेझीम.

संशयित एकच होता, टर्बो. मलाही तोच गुन्हेगार वाटायचा. पण थंडीत जागून जागून मी डिझेल इंजिनाचा जो अभ्यास केला, त्यात तो सुटत होता. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या पुढे तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की पेट घेतं. पहाटेचं गारठलेलं लोखंड ही उष्णता शोषून घेतं, म्हणून थोडी कुरकुर प्रत्येक जुनी गाडी करते. आता टर्बो फिरतो तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर. घाटात तो मिनिटाला लाखभर फेरे घेईल, पण पहाटे पाचला, रेस न देता उभ्या गाडीत, तो माझ्या मेहुण्यासारखा नुसता बसलेला असतो. काही करत नाही, म्हणजे बिघडवतही नाही. पंपाचं वाढवलेलं डिझेल थोडा जास्त धूर करील, पण सुरुवातीचा अर्धा मिनिट सुरेख का जावा? याचं उत्तर सापडेना. हे इंजिन शोधणारे रुडॉल्फ डिझेल १९१३ साली बोटीने इंग्लंडला जाताना रात्रीतून नाहीसे झाले. का, यावर अजून वाद आहेत. मला त्या दिवसांत ते कोडं फारसं अवघड वाटत नव्हतं.

शेवटी मिस्त्रींनी तोड काढली. गाडी रात्रभर गॅरेजातच ठेवा, पहाटे मी स्वतः लावून बघतो. ठेवली. पहाटे गाडी पहिल्या सेलला लागली ती बंद करेपर्यंत सरळ चालली. मिस्त्रींचा माझ्यावरचा उरलासुरला विश्वास उडाला. दोन दिवसांनी पोऱ्याने सांगितलं, की रात्री थंडी फार होती म्हणून त्याने शेकोटी गाडीच्या पुढच्या चाकाजवळच पेटवली होती, आणि बॉनेटवर गोणपाट टाकून वर स्वतः झोपला होता.

तेव्हा मी मिस्त्रींनाच मुक्कामाला बोलावलं. पेशंट येत नाही तर डॉक्टरने जावं. ते आले. शेवभाजी, भाकरी, वर ठेचा असं जेवण झालं. आप्पांनी त्यांना आपली कानटोपी दिली आणि रात्री उशिरापर्यंत नळीची चोरी सविस्तर सांगितली: कधी गेली, कोणी पाहिली, चुलतभावाचा चेहरा त्या दिवशी कसा पडला होता. मिस्त्री हुंकार देत होते. मी पांघरूण डोक्यावर घेतलं.

पहाटे पाच अंश होते. मिस्त्री उठले, पण सुरू व्हायला तेही अवघडच गेले. दोनदा खोकले, बिडीचा पांढरा धूर सोडला, थरथरत बंद पडले. चहाच्या दुसऱ्या कपाला सरळ चालू लागले.

"मारा सेल."

मी मनातल्या मनात प्रार्थना केली. आयुष्यात पहिल्यांदाच गाडी बिघडावी म्हणून. अर्धा मिनिट सुरेख गेला आणि लेझीम सुरू झाली. मिस्त्रींचा चेहरा असा उजळला, जणू दोन महिने नुसतं ऐकलेलं स्थळ अखेर पाहायला मिळालं. म्हणाले, "खरंच की हो!" हे तीन शब्द ऐकायला मी किती पैसे घातले होते ते माझं मला माहीत.

त्यांनी बॅटरी पेटवली, टाकीपासून पाईपवर हात फिरवत फिरवत पुढे आले आणि फीड पंपाच्या अलीकडे थांबले. तिथे एक हातभर नळी होती, पारदर्शक, डिझेलने पिवळी पडलेली. तिच्यातून डिझेल वाहत होतं आणि डिझेलमधून बुडबुडे, एकामागून एक, मोत्यांच्या माळेसारखे.

"एअर घेतेय!"

मग सगळं उलगडलं. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो. त्या बाजूला नळी सैल असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून खाली थेंब नाही, वास नाही, काही नाही. साध्या प्लास्टिकच्या नळीतला मऊपणा डिझेल काढून घेतं. ती कडक होते, थंडीत आणखी आक्रसते आणि क्लिपमध्ये ढिली पडते. रात्रभरात पाईपमधलं डिझेल टाकीकडे उतरतं. सकाळी फिल्टरमध्ये उरलेल्यावर इंजिन अर्धा मिनिट मजेत चालतं आणि मग हवा येते. इंजिन तापलं की शेजारच्या उष्णतेने नळी पुन्हा मऊ होते, क्लिप घट्ट बसते, आणि गाडी वाघ.

"ही डिझेलची नळीच नाही," मिस्त्री म्हणाले. "मी तुम्हाला मीटरभर डिझेलची रबरी नळी आणायला सांगितली होती. ही कुठली आणली?"

मी इंजिनाचा आवाज मोठा आहे, ऐकू येत नाही, असा चेहरा केला. नेमकं तेव्हाच इंजिन बंद पडलं. आप्पा वाकले. मिस्त्रींच्या हातातली बॅटरी घेतली, नळीवर धरली, अंगठ्याने वरचा काळा थर पुसला. खालून लाल ऑइलपेंटचा पट्टा निघाला.

त्या शांततेत गोठ्यातली म्हैस शिंकली. धूर नसताना.

दुकान उघडल्यावर रबरी नळी आली, दोन नवीन क्लिपा आल्या, हँड पंप मारून एअर काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी लागली आणि चालत राहिली. पहिल्या मिनिटाला जरा धूर केला, तेवढा तिचा हक्क आहे. खर्च साबणाच्या वडीइतका. आधीच्या नोझल-फिल्टर-बॅटरीचा हिशेब मी बायकोला टप्प्याटप्प्याने सांगणार आहे.

आप्पा मला काही बोलले नाहीत. नुसती ती पिवळी नळी हातात दिली आणि बांधाकडे बोट दाखवलं.

चुलतभाऊ ओट्यावर दात घासत होता. मी नळी पुढे केली आणि सगळं सांगितलं: यादी, दिवाळी, क्लिप, बुडबुडे. त्याने ऐकून घेतलं, चूळ भरली, नळीवरचा लाल पट्टा निरखला. वहिनींना आतून तिळगुळाचा डबा आणायला सांगितला. संक्रांत होऊन तीन आठवडे झाले होते, लाडू दगडासारखे झालेले. एक माझ्या हातावर ठेवून म्हणाला,

"ते जाऊ दे, भाऊ. टर्बो लावल्यापासून कसाऱ्यात कशी चढते?"

लाडू तोंडात होता, म्हणून उत्तर द्यायला वेळ लागला. कसाऱ्याला अजून नेलीच नव्हती.