तुकडे दूर पडले म्हणून स्फोट?

आमच्या सिंदेवाहीकडे लाडबोरीला आकाशातून पडलेल्या रॉकेटच्या कडीचा व्हिडिओ फिरला की मागोमाग हा मजकूर येतो: "31 ऑक्टोबर 2014 ला अमेरिकेत मोहावी वाळवंटावर 'एंटरप्राइज' हे रॉकेट-ग्लायडर चाचणीत हवेतच तुटलं. तुकडे पाच मैलांत पसरले, म्हणजे इंजिनाचाच स्फोट. मेलेल्या सहवैमानिकावर ढकलून कंपनीला वाचवलं."

पाच मैलांचं आधी. त्यावरून काहीच ठरत नाही. एवढ्या उंचीवर, एवढ्या वेगात यान मोडलं की जड भाग पुढे जातात, हलके वाऱ्यावर भरकटतात. 2 एप्रिल 2022 ला आपल्याकडेही कडी एका गावात आणि गोळे दुसरीकडे पडलेच होते.

इंजिनावर संशय यायला मात्र जागा होती. याच प्रकल्पात 2007 साली, इंधन जाळायला लागणाऱ्या नायट्रस ऑक्साइड वायूच्या चाचणीत स्फोट होऊन तीन जण गेले होते, शिवाय 2014 च्या त्या उड्डाणात इंधनही नवं होतं. पण अवशेषांत टाक्या आणि इंजिन शाबूत निघाले. तिथेच तो मुद्दा संपतो.

मग मोडलं कशानं? या यानाची शेपटी परतीच्या वाटेवर वर वळते, वेग मारण्यासाठी. चढताना तिला कुलूप असतं आणि ते ध्वनीच्या 1.4 पट वेगानंतरच काढायचं. सहवैमानिकानं ते सुमारे 0.8 लाच काढलं. कॉकपिटच्या चित्रीकरणात ते दिसतं. शेपटी वळवायचा दांडा कोणी हलवलाच नव्हता. पण त्या वेगाला हवेचा रेटा शेपटीला वर ढकलतो आणि कुलपाशिवाय तो पेलत नाही. वावधनात टिनाचे हूक सैल झाले की पत्रा उडायला बॉम्ब लागत नाही, तसंच. काही क्षणांत यान मोडलं.

राहिलं कंपनीला वाचवणं. हे लिहिणाऱ्यानं अहवाल उघडलेला नाही, एवढं नक्की. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं 2015 मध्ये मुख्य बोट ठेवलं ते यान बनवणाऱ्या स्केल्ड कॉम्पोझिट्सवर: एका माणसाच्या एका चुकीनं यान जाऊ शकतं, याचा विचारच केला नाही, आडकाठीही ठेवली नाही. वैमानिकांनी कामं पाठ करून, घाईत करायची; कुलूप उशिरा निघालं तर उड्डाण सोडायचं. उशिराची धास्ती होती, लवकर काढण्याचा धोका पुरेसा बिंबवलाच नव्हता. खरा हादरा आणि दाब सिम्युलेटरमध्ये येत नव्हता, हेही त्यात आहे.

पुढच्या यानात संगणकाच्या ताब्यातली खीळ बसवली. वैमानिकानं ओढलं तरी कुलूप वेळेआधी निघत नाही.