कमांड दिली की उत्तर मिळालेच पाहिजे

फोंड्यातल्या एका पतसंस्थेत संगणकाचे काम माझ्याकडे आहे. जूनअखेरचे व्याज खात्यांवर चढवताना जे घडले त्याला तीन आठवडे झाले, तरी माझा संताप उतरलेला नाही. व्याजाच्या आकारणीसाठी आम्ही बाहेरच्या एका माणसाकडून पायथन या प्रोग्रामिंग भाषेत स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून घेतली होती. त्याने ती कंपाइल करून (खरे तर पायइन्स्टॉलर या साधनाने एकत्र बांधून, पण सगळे त्याला कंपाइल करणेच म्हणतात) एक ईएक्सई, म्हणजे विंडोजवर थेट चालणारी, फाइल आमच्या हाती दिली आणि ती कमांड प्रॉम्प्टवरून, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीतून, चालवा, असे सांगितले.

रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि बाहेर पाऊस कोसळत होता. मी कमांड टाइप करून एंटर दाबताच प्रॉम्प्ट लगेच परत आला आणि त्याच्यापुढे कर्सर लुकलुकू लागला. किती खाती झाली, किती राहिली, काम सुरू तरी झाले की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर पडद्यावर नव्हते. प्रोग्राम सुरूच झाला नसावा असे समजून मी तो पुन्हा चालवला. प्रत्यक्षात पहिला प्रोग्राम पडद्याआड चालूच होता, दुसरा त्याच्या पाठोपाठ धावला आणि दीड हजारांवर खात्यांवर व्याज दोनदा चढले.

दुसऱ्या दिवशी उलट नोंदी टाकताना मडकईची एक वृद्ध खातेदार खिडकीशी आली. सकाळीच छापून घेतलेले पासबुक तिच्या हातात होते आणि त्यावर जमा दिसलेली रक्कम दुपारी वजा झाली होती. "भाऊ, माझे पैसे कापले कशाला?" असे तिने अगदी हळू आवाजात विचारले. संस्थेवर विश्वास टाकून पै पै साठवणाऱ्या त्या बाईला मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो की, प्रोग्रामने मला काहीच सांगितले नाही म्हणून हे घडले?

हे गूढ मुळीच नाही. विंडोजच्या प्रत्येक ईएक्सई फाइलच्या शीर्षभागात सबसिस्टिम नावाचा एक आकडा असतो. तो 3 असेल तर प्रोग्राम कन्सोलचा, म्हणजे त्या काळ्या खिडकीत मजकूर छापणारा, आणि 2 असेल तर स्वतःच्या चित्रमय खिडक्या उघडणारा मानला जातो. आमच्या माणसाने फाइल बांधताना कन्सोल नको असा पर्याय निवडला आणि तो आकडा 2 झाला. अशा प्रोग्रामला प्रॉम्प्टवरून हाक मारली की कमांड प्रॉम्प्ट तो संपण्याची वाट पाहत नाही. शिवाय पायथनला छापण्यासाठी जागाच मिळत नाही, त्यामुळे प्रिंटची प्रत्येक ओळ काही न छापता आणि कसलीही तक्रार न करता पुढे सरकते. तोच प्रोग्राम बॅच फाइलमधून, म्हणजे कमांड आधीच लिहून ठेवलेल्या फाइलमधून, चालवला तर मात्र कमांड प्रॉम्प्ट तो संपेपर्यंत थांबतो. या माणसाने चाचणी बॅच फाइलमधून घेतली होती आणि आम्हाला हाताने चालवायला सांगितले होते! कमांडच्या आधी स्टार्ट आणि वेट लावून मलाही प्रॉम्प्टला थांबवता आले असते, पण त्याने मुक्या प्रोग्रामला वाचा फुटली नसती.

फोन केला तेव्हा तो म्हणाला, "सर, काळी खिडकी उघडली की ग्राहक घाबरतात." अहो, मी त्या काळ्या खिडकीतच बसून कमांड देत होतो, आणि मला भीती वाटली ती तिथे काहीच न दिसल्यामुळे!

बऱ्याच विनवण्यांनंतर त्याने कन्सोलची आवृत्ती पाठवली. पडद्यावर खातेदारांची नावे देवनागरीत सुरेख दिसू लागली, पण लेखापरीक्षणासाठी तेच आउटपुट फाइलमध्ये वळवताच पहिल्याच नावावर प्रोग्राम कोसळला. पायथन 3.6 पासून विंडोजच्या कन्सोलवर युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरे, नीट छापतो, पण आउटपुट फाइलकडे वळवले की तो यंत्राचे जुने कोडपेज, म्हणजे मोजक्या अक्षरांचा तक्ता, धरतो आणि त्यात देवनागरी नाही. एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) युनिकोडचे यूटीएफ-8 करणारी एक ओळ सुरुवातीला लिहिली असती तर हे टळले असते. ती ओळ आल्यावर पुढच्या चाचणीत वीज गेली, आणि पाहतो तर फाइल शून्य बाइटची! वळवलेले आउटपुट आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठते आणि बफर भरल्यावर किंवा प्रोग्राम संपतानाच फाइलमध्ये उतरते. प्रत्येक खात्यानंतर ते फ्लश करण्याची, म्हणजे लगेच फाइलकडे ढकलण्याची, तसदीही कोणी घेतली नव्हती. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, हे या माणसाला वेगळे सांगायला हवे होते का? तोही याच तालुक्यात राहतो.

आता मी त्याला लेखी कळवले आहे. प्रत्येक खात्याचा क्रमांक आणि रक्कम छापली जाईल आणि लगेच फ्लश होईल, चुका वेगळ्या वाटेने एररच्या प्रवाहात जातील, काम सुरळीत झाल्यावर शून्य आणि बिघडल्यावर वेगळा एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) मिळेल, आणि एक प्रत चालू असताना दुसरी सुरूच होणार नाही, अशी फाइल मला हवी आहे. ती माझ्यासमोर, माझ्या यंत्रावर, हाताने कमांड देऊन चालवून दाखवल्याशिवाय त्याचे बिल मी मंजुरीसाठी पुढे पाठवणार नाही.