‘सही तर त्यांनीच केली होती ना?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

के-पॉप, म्हणजे दक्षिण कोरियाच्या पॉप संगीतातल्या कंपन्यांच्या कलाकारांबरोबरच्या करारांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : इतकी वर्षं चाहती म्हणवणाऱ्या बाईने कंपन्यांची उणीदुणी काढली की फटका कलाकारांनाच बसतो, करारावर सही त्यांनी स्वतः केली, कुणी बळजबरी केली नव्हती, आणि आपण अल्बम घेतो म्हणून तर त्यांचं पोट चालतं. शेवटी तुम्ही लिहिलंत की तुमची धाकटी बहीण ऑडिशनची तयारी करते आहे आणि माझा लेख वाचून ती हिरमुसली. तिच्यासाठी हे उत्तर जरा लांबवते आहे.

आधी सहीबद्दल. मला या संगीताचं वेड लागलं ते टीव्हीएक्सक्यूमुळे. एसएम एंटरटेन्मेंट या कंपनीने डिसेंबर २००३मध्ये पुढे आणलेली पाच गाणारी मुलं. जुलै २००९मध्ये त्यांतले जेजूंग, यूचन आणि जुन्सू सोलच्या न्यायालयात गेले. करार १३ वर्षांचा होता आणि सक्तीच्या लष्करी सेवेचा काळ त्यात धरलेला नव्हता. म्हणजे शाळकरी वयात सही केलेला मुलगा मोकळा होणार तो तिशी ओलांडल्यावर. त्या वयातल्या मुलाला कराराचा काय अंदाज असणार, सांगा. न्यायालयाने त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांची मागणी अंशतः मान्य केली : त्यांच्या स्वतंत्र कामात कंपनीने आडवं येऊ नये.

निकाल लागला, पण टीव्हीची दारं उघडली नाहीत. जेवायजे या नावाने त्या तिघांनी काढलेले अल्बम खपत होते, त्यांनी जपानमधलं टोकियो डोम हे भलंमोठं स्टेडियम भरवलं, तरी कोरियन वाहिन्यांच्या संगीत कार्यक्रमांत ते दिसेनात. २०१३मध्ये कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशनला, म्हणजे व्यापारातल्या गैरप्रकारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, एसएमला आणि एका उद्योगसंघटनेला बजावावं लागलं की यांच्या कामात अडथळे आणू नका. २०१५मध्ये प्रसारण कायदा बदलला. बाहेरच्या कुणाच्या दबावाखाली वाहिनीने एखाद्याला कार्यक्रमातून वगळू नये, अशी ती तरतूद आजही ‘जेवायजे कायदा’ म्हणून ओळखली जाते.

या सगळ्यात चाहते कुठे होते? कॅसिओपिया या त्यांच्या चाहत्यांच्या संघटनेने लाखाहून जास्त सह्यांचं निवेदन मानवी हक्क आयोगाकडे नेलं. कंपनीविरुद्ध बोललं की कलाकार बुडतो, हे तुमचं म्हणणं मला इथेच पटत नाही. चाहते गप्प बसले असते तर त्या तिघांचा विसर पडणं कंपनीला सोयीचंच होतं.

आता सही केल्यावर पैसे कसे मिळतात, ते पाहा. राहणं, नृत्य, गायन, भाषा, कपडे, व्हिडिओ, सगळा खर्च आधी कंपनी करते आणि बऱ्याच ठिकाणी तो ग्रुपच्या कमाईतून वळता होतो. ऊसतोड कामगाराच्या उचलीसारखंच हे. आधीचं फिटल्याशिवाय हातात काही पडत नाही. काही मोठ्या कंपन्या प्रशिक्षणाचा खर्च मुलांच्या नावावर टाकत नाहीत, हे मान्य. पण मार्च २०१७मध्ये फेअर ट्रेड कमिशनने आठ कंपन्यांचे प्रशिक्षणार्थींबरोबरचे, म्हणजे अजून रंगमंचावर न आलेल्या मुलांबरोबरचे करार दुरुस्त करायला लावले, त्यांत एसएम, वायजी आणि जेवायपी या बड्या कंपन्याही होत्या. मध्येच सोडून जाणाऱ्या मुलाकडून प्रशिक्षणाच्या खर्चाच्या दुप्पट-तिप्पट रक्कम मागण्याची कलमं अशा करारांत होती.

आणि हिशेब मागायचा कुणाकडे? गायक-अभिनेता ली संग-गी हा काही नवखा पोरगा नव्हे. १८ वर्षं गात असूनही गाण्यांच्या कमाईतलं काहीच आपल्याला मिळालं नाही, हे त्याने २०२२मध्ये उघड केलं, तेव्हा सगळा कोरिया हादरला. त्यानंतरच्या कायद्याने कंपनीवर वर्षातून किमान एकदा हिशेब दाखवण्याचं बंधन आलं.

कंपनीशी करारावरून वाद झालेल्या न्यूजीन्स या मुलींच्या ग्रुपबद्दलही तुम्ही विचारलंत. त्यांच्यातल्या हानी नावाच्या गायिकेने ऑक्टोबर २०२४मध्ये कोरियाच्या संसदेच्या समितीसमोर कामाच्या ठिकाणच्या छळाची तक्रार मांडली. पुढच्याच महिन्यात कामगार खात्याने सांगितलं की ती कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ बसत नाही, म्हणून छळाविरुद्धचं कलम तिला लागू नाही. कराराच्या खटल्यात मात्र न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल मी नाकारत नाही. मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो तो आधीचा : पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारी मुलगी कामगारही नसेल, तर तिने दाद कुठे मागायची?

अल्बमबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. विक्रीवर ग्रुपचं भवितव्य ठरतं. पण एकाच अल्बमच्या पाच-सहा आवृत्त्या, प्रत्येकात कुणाचं फोटोकार्ड, म्हणजे कलाकाराचा छोटा फोटो, निघेल ते नशिबावर, फॅनसाइनच्या, म्हणजे कलाकाराला भेटून सही घेण्याच्या कार्यक्रमाच्या सोडतीत जितक्या प्रती जास्त तितकी संधी जास्त, ही रचना कलाकारांनी केलेली नाही. २०२३मध्ये सर्कल चार्ट या कोरियातल्या विक्रीच्या यादीवरच्या पहिल्या ४०० अल्बमांची मिळून विक्री ११ कोटी प्रतींच्या पुढे गेली; दक्षिण कोरियाची लोकसंख्या सव्वापाच कोटींच्या आत आहे. परदेशी चाहते मोजले तरी त्यांतल्या कितीतरी सीडी कधी वाजल्याच नसतील. मी आजही अल्बम घेते, एकच प्रत घेते. ग्रुप ऑर्डरमध्ये, म्हणजे चाहत्यांनी मिळून केलेल्या खरेदीत, दहा-दहा प्रती नोंदवणाऱ्या कॉलेजच्या मुलींना पाहून मला मनापासून काळजी वाटते, कारण तो पैसा बहुतेक आईवडिलांचा असतो.

आता तुमच्या बहिणीबद्दल. तिने नाचणं सोडू नये. ओडिशाची श्रेया लेंका २०२२मध्ये ब्लॅकस्वान या के-पॉप ग्रुपमध्ये निवडली गेली, तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. २०२५मध्ये हाइब या कोरियन कंपनीने मुंबईत शाखा काढली आहे, म्हणजे आपल्या मुलींना ही वाट आता घराजवळूनच सुरू होऊ शकेल. कोरियात २००९पासूनच्या नमुना करारात मुदत सात वर्षांपर्यंत आहे. तिच्यासमोर त्याहून लांबचा कागद आला तर कारण विचारा. प्रशिक्षणाचा खर्च कुणाच्या नावावर, मध्येच सोडलं तर दंड किती, हिशेब कधी दाखवणार, शाळेचं काय, आणि ग्रुपचं नाव कुणाच्या मालकीचं, हे सगळं लेखी घ्या. नावाचं मुद्दाम सांगते : बीस्ट या ग्रुपच्या मुलांना कंपनी सोडल्यावर २०१७मध्ये ‘हायलाइट’ हे नवं नाव घ्यावं लागलं, तर गॉटसेव्हन या ग्रुपची सातही मुलं २०२१मध्ये कंपनीतून बाहेर पडली आणि त्यांनी नाव स्वतःकडे राखलं. कागद वकिलाकडून मराठीत समजून घ्या, तेव्हा तिला शेजारी बसवा, आणि सही त्याच दिवशी करू नका.